विस्थापितांचे पुनर्वसन : उल्हासनगर व बंगाली वसाहती

भारताच्या फाळणीमुळे (१९४७) महाराष्ट्रात येऊन स्थायिक झालेल्या सिंधी व बंगाली समाजांच्या वसाहती. दोहोंच्या विस्थापनाचे मूळ एकच असले, तरी त्यांना कायद्याने मिळालेला न्याय सारखा नव्हता.

सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. पंजाब व बंगाल यांच्याप्रमाणे त्याची विभागणी न होता तो संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. कराचीतील दंगलीनंतर (६ जानेवारी १९४८) तेथील हिंदूंचे स्थलांतर वाढले व त्यांपैकी बरेचजण जहाजांनी मुंबई बंदरात उतरले. कल्याण व अंबरनाथ यांच्या दरम्यान दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत सु. एक लाख लोकांची सोय करण्यात आली. बदलापूरवरून कल्याणकडे वाहणाऱ्या उल्हास नदीवरून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तिची कोनशिला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ८ ऑगस्ट १९४९ रोजी बसविली. येथे १९६० मध्ये नगरपालिका स्थापन झाली. लहान उद्योग व व्यापार यांच्या बळावर वसाहतीचे शहर झाले. तथापि त्याचे भाग अद्यापि ‘कॅम्प’ क्रमांकांनीच ओळखले जातात.

विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियम, १९५४ अन्वये सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या पडताळलेल्या दाव्यांवर भरपाई देण्यात आली. मोठ्या दाव्यांना भरपाईचे प्रमाण कमी ठेवून विषमता काहीशी सौम्य केली गेली. परंतु मुळात ज्यांच्यापाशी मालमत्ता नव्हती, त्यांना अशा भरपाईचा आधार नव्हता. सांस्कृतिक प्रश्न याहून बिकट होता. भाषावार प्रांतरचनेत सिंधी भाषेस स्वतःचे राज्य नव्हते; शिवाय अरबी-सिंधी की देवनागरी, हा लिपीचा वादही होता. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश १९६७ मध्ये झाला. प्राध्यापक राम पंजवानी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी झूलेलाल हे दैवत व चेटीचंड हा सण विखुरलेल्या समाजाच्या ऐक्याची प्रतीके बनली.

पूर्व बंगालमधून आलेल्यांची स्थिती निराळी होती. १९५४ चा अधिनियम पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरताच मर्यादित होता. नेहरू-लियाकत करारात (१९५०) स्थलांतरितांचे मालमत्तेवरील हक्क अबाधित मानले होते व ते परत जातील, अशी सरकारची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. १९५० व १९६४ च्या दंगलींनंतर स्थलांतराचे नवे लोंढे आले व त्यांत नमशूद्र शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांपैकी काही कुटुंबांना १९६० नंतरच्या दशकात तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील वनप्रदेशात जमिनी देऊन वसविण्यात आले. या वसाहतींपैकी चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील वसाहती १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडतात.

नमशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ नुसार ही यादी राज्यपरत्वे ठरते. त्यामुळे शासनानेच महाराष्ट्रात वसविलेल्या या कुटुंबांना त्यांच्या जातीच्या आधारे मिळणाऱ्या सवलती येथे लागू झाल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ मध्ये बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले, तेव्हा नमशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचे साहाय्य मोलाचे ठरले होते. त्याच समाजातील लोकांना आंबेडकरांच्या कर्मभूमीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळू नये, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उल्हासनगरच्या सिंधी समाजास भरपाई व शहर मिळाले, परंतु भाषेला प्रदेश मिळाला नाही. बंगाली शेतकऱ्यांना जमीन मिळाली. परंतु गमावलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली नाही व जातीची वैधानिक ओळखही येथे टिकली नाही. घर वा जमीन मिळाली म्हणजे पुनर्वसन पुरे होत नाही. पूर्वीच्या हक्कांना नव्या ठिकाणी मान्यता मिळणे हेही त्याचे आवश्यक अंग ठरते.