फ्लाय रूम, कोलंबिया विद्यापीठ

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शर्मरहॉर्न हॉल या इमारतीतली 613 क्रमांकाची खोली. टॉमस हंट मॉर्गन (1866–1945) यांची फळमाश्यांवर काम करणारी आनुवंशिकी प्रयोगशाळा साधारणपणे 1910 ते 1928 या काळात येथे होती. खोली जेमतेम 16 फूट रुंद आणि 23 फूट लांब. तीत आठ टेबले, दुधाच्या बाटल्यांत पाळलेल्या माश्या आणि त्यांच्या खाद्यासाठी आणलेली केळी. जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात, हे या खोलीत पुराव्यानिशी दाखवले गेले. त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव पक्के आहे. तिचे दुसरे कर्तृत्व त्या मानाने कमी सांगितले जाते. पदवीही पदरात न पडलेल्या विद्यार्थ्यांना संशोधक म्हणून घडवण्याची एक रीत येथे रुजली. ही रीत मॉर्गन यांच्या दिलदार स्वभावाचे फळ, असे मानण्याचा प्रघात आहे. उपलब्ध पुरावा पाहता तिचे मूळ कामाच्या स्वरूपातच होते, असे म्हणणे अधिक योग्य.

फळमाशीची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, एका जोडीला शेकडो पिल्ले होतात आणि गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार. 1910 मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्याचा हा गुण लिंगाशी निगडित रीतीने पुढे जातो, असे मॉर्गन यांना आढळले. त्यानंतर वेगळ्या पंखांच्या, वेगळ्या रंगांच्या माश्या सापडतच गेल्या. अशी प्रत्येक माशी म्हणजे एक सुटा प्रश्न होता: हा गुण कोणत्या गुणासोबत जातो आणि किती वेळा त्याच्यापासून फुटून निघतो? असा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातला असे. काही आठवड्यांत उत्तराची दिशा कळे, आणि प्रयोग फसला तर नुकसान थोड्या बाटल्यांचे. गुरांच्या पैदाशीवर तोच प्रश्न सोडवायचा तर अर्धे आयुष्य गेले असते. तेथे नवशिक्याच्या हाती स्वतंत्र काम कोण देणार? शिवाय माश्या आणि नोंदी सर्वांच्या सामाईक होत्या. 1911 च्या अखेरीस मॉर्गन यांच्याशी बोलताना आल्फ्रेड स्टर्टव्हँट यांच्या लक्षात आले, की दोन गुण फुटून निघण्याचे प्रमाण हेच त्यांच्या जनुकांमधील अंतराचे माप मानता येईल. कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून त्यांनी त्या रात्री बराच वेळ खपून जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. त्यातले बरेचसे आकडे आधीच जमलेले होते; ते एका विद्यार्थ्याला बघायला मिळाले, हे महत्त्वाचे. कॅल्व्हिन ब्रिजेस यांना बाटल्या धुण्याचे काम होते. बाटलीच्या जाड काचेतून त्यांना शेंदरी डोळ्यांची माशी दिसली, आणि लवकरच ते धुण्याच्या कामावरून टेबलापाशी आले.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे नशिबाचे आणि असामान्य बुद्धीचे खेळ आहेत. त्यावरून रीत कसली काढता? आक्षेपात तथ्य आहे. कोलंबियातील 24 वर्षांत मॉर्गन यांनी प्राणिशास्त्राच्या प्रारंभिक वर्गाची सुरुवातीची व्याख्याने 1909–10 या एकाच वर्षी दिली, आणि नेमके त्या वर्गात स्टर्टव्हँट व ब्रिजेस दोघेही बसले होते. पण योगायोगाने फार तर खोलीत कोण आले एवढेच कळते; आल्यावर त्यांच्या हातून काय घडले, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. तीक्ष्ण नजरेचे मदतनीस इतर प्रयोगशाळांतही असणारच. तेथे त्यांनी टिपलेली माशी प्राध्यापकांच्या खाती जमा झाली असती. येथे 1915 च्या ‘द मेकॅनिझम ऑफ मेंडेलियन हेरेडिटी’ या ग्रंथावर मॉर्गन यांच्यासोबत स्टर्टव्हँट, हर्मन मुलर आणि ब्रिजेस यांची नावे आली. तिघेही पंचविशीच्या आसपासचे. पुढल्याच वर्षी ‘जेनेटिक्स’ हे नियतकालिक सुरू झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या अंकातला पहिला लेख ब्रिजेस यांच्या प्रबंधाचा होता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो सहज उडवून लावता येत नाही. जेथे सगळे सामाईक, तेथे श्रेय कोणाचे? आपल्या कल्पनांना पुरेसे श्रेय मिळाले नाही, अशी मुलर यांची तक्रार होती. त्यांना उपजीविकेसाठी इतरत्र शिकवावे लागे, म्हणून दिवसभर खोलीत बसणाऱ्यांइतका वेळ त्यांना देता येत नसे. खुल्या चर्चेचा लाभ सर्वाधिक मिळतो तो हजर असणाऱ्याला. स्टर्टव्हँट आणि ब्रिजेस यांचा पगार 1915 पासून कार्नेगी संस्था देत होती, आणि ब्रिजेस तर अखेरपर्यंत प्राध्यापक झाले नाहीत. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन यांनी जोडलेल्या एक्स गुणसूत्रांचा महत्त्वाचा शोध 1922 मध्ये प्रसिद्ध केला, पण त्यांना अधिकृत पद मिळाले ते पतीच्या मृत्यूनंतर, 1946 मध्ये. 1933 च्या नोबेल पारितोषिकाची रक्कम मॉर्गन यांनी आपल्या मुलांबरोबरच स्टर्टव्हँट आणि ब्रिजेस यांच्या मुलांमध्येही वाटली. हा त्यांचा मोठेपणा खरा, तरी त्यावरूनच दिसते की वाटणीचा नियम नव्हता, मर्जी होती. म्हणजे रीत शिकवण्यापुरती उत्तम चालली. पद, पगार आणि श्रेय यांची घडी तिने बसवली नाही. मात्र यावरून सामाईकपणाच चुकीचा ठरत नाही. त्याच्या जोडीला लेखी नियम हवे होते, एवढेच ठरते.

1928 मध्ये मॉर्गन आपला गट घेऊन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तोवर जर्मनीचे कुर्ट स्टर्न, रशियाचे थिओडोसियस डोब्झान्स्की असे परदेशी उमेदवार रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर या खोलीत आले होते, आणि मुलर यांनी 1922 मध्ये माश्यांचे वाण मॉस्कोला पोचवले होते. माश्या मागणाऱ्याला मोफत देण्याची प्रथा पुढे या क्षेत्राची शिस्तच बनली. 1934 पासून निघालेल्या ‘ड्रॉसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ या पत्रिकेत कोणाकडे कोणते वाण आहेत, याच्या याद्या छापल्या जात. मुंबईपर्यंत येणारा एक धागाही आहे. एडिंबरोत मुलर यांच्या हाताखाली तयार झालेल्या ग्विदो पोंतेकोर्वो यांच्याकडे ग्लासगोत ओबेद सिद्दीकी यांनी पीएच.डी. केली, आणि होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनला शिकून तेथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या आणि माशीला वास व चव कशी कळते, याचा जनुकीय शोध त्यांनी कुलाब्यात सुरू केला. त्या विषयावरचा सिद्दीकींसोबतचा त्यांचा लेख 1978 मध्ये, पीएच.डी. पूर्ण होण्याआधीच, प्रसिद्ध झाला.