संगणक कोणाशी बोलतो आहे? 'नेटस्टॅट' सांगेल

ब्राउझर बंद असतानाही संगणक इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करीत असतो. त्यातील बरीचशी निरुपद्रवी असते. मात्र पासवर्ड वा बँकेचा तपशील चोरून पाठविणारा एखादा छुपा प्रोग्रामही हाच मार्ग वापरू शकतो. अशा जोडण्यांवर नजर ठेवण्यासाठी 'नेटस्टॅट' ही आज्ञा उपयोगी पडते. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत ती प्रथम आली. विंडोजमध्ये ती आधीपासूनच असल्याने वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही.

'कमांड प्रॉम्प्ट' उघडून नेटस्टॅट हा शब्द, मोकळी जागा, हायफन व त्याला जोडून ए, एन, ओ ही इंग्रजी अक्षरे टाइप करावीत. 'ए'मुळे वाट पाहत असलेल्या पोर्टांसह सर्व जोडण्या दिसतात, 'एन'मुळे पत्ते आकड्यांत येतात, तर 'ओ'मुळे संबंधित प्रोग्रामचा क्रमांक म्हणजे 'पीआयडी' कळतो.

प्रत्येक ओळीत आपल्या संगणकाचा पत्ता, पलीकडचा पत्ता आणि जोडणीची स्थिती असते. पत्त्याच्या शेवटी येणारा आकडा पोर्टचा. ४४३ हा सुरक्षित संकेतस्थळांचा पोर्ट होय. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे जोडणी चालू आहे. 'लिसनिंग' म्हणजे प्रोग्राम दार उघडून कोणाची तरी वाट पाहत आहे. या ओळीत आपला पत्ता १२७.०.०.१ असेल, तर ते दार फक्त त्याच संगणकातील प्रोग्रामसाठी असते. ०.०.०.० असेल, तर ते प्रत्येक नेटवर्कच्या बाजूने उघडे असते. फायरवॉल ते अडवते की नाही, हे तपासावे.

अनोळखी पत्ता दिसला म्हणून घाबरू नये. त्या ओळीतील पीआयडी 'टास्क मॅनेजर'मध्ये शोधावा व तो प्रोग्राम कोणता, कोणत्या फोल्डरमधून चालतो, हे पाहावे. लिनक्सवर आता याच कामासाठी 'एसएस' ही आज्ञा अधिक प्रचलित आहे.

या आज्ञेला मर्यादाही आहेत. ती केवळ त्या क्षणाचे चित्र दाखविते. शिवाय 'रूटकिट' प्रकारचे घातक प्रोग्राम स्वतःच्या जोडण्या यादीतून लपवू शकतात. त्यामुळे यादी स्वच्छ दिसली, तरी संगणक निर्धोक असल्याची हमी मिळत नाही. संशय बळावल्यास संगणक नेटवर्कपासून तोडावा आणि पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदलावेत.