साल्व्हिनियाचे जैविक नियंत्रण

साल्व्हिनियाचे जैविक नियंत्रण म्हणजे साल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या पाणतणाची वाढ सिर्टोबॅगस साल्व्हिनी या सोंड्या भुंगेऱ्याच्या साहाय्याने आटोक्यात ठेवण्याची पद्धत होय. गोड्या पाण्यातील तणांच्या जैविक नियंत्रणाच्या अत्यंत यशस्वी उदाहरणांत तिची गणना होते.

तणाचे स्वरूप

साल्व्हिनिया मोलेस्टा ही नेचे वर्गातील वनस्पती मूळची आग्नेय ब्राझीलमधील आहे. तिला खरी मुळे नसतात. पाण्यात बुडालेले रूपांतरित पानच मुळांसारखे दिसते. तिचे बीजाणू वांझ असतात. तरीही तुटलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप तयार होत असल्याने अनुकूल परिस्थितीत तिचे प्रमाण काही दिवसांतच दुप्पट होते. जाड थरामुळे पाण्यातील प्रकाश व प्राणवायू घटतो आणि मासेमारी, जलवाहतूक व भातशेती यांना अडथळा येतो. आफ्रिकेतील करिबा जलाशयात १९६२ च्या सुमारास या तणाने सुमारे १,००० चौ. किमी क्षेत्र व्यापले होते.

ओळखीतील चूक

प्रारंभी हे तण साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा या जातीचे मानले जात असे. त्यामुळे त्याचे शत्रू त्या जातीच्या प्रदेशात, त्रिनिदाद व गयाना येथे शोधण्यात आले. तेथून आणलेल्या कीटकांना, विशेषतः सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस या भुंगेऱ्याला, तणावर मात करता आली नाही. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी हे तण स्वतंत्र जात असल्याचे दाखवून तिला ‘मोलेस्टा’ हे नाव दिले. १९७८ मध्ये ब्राझीलमध्ये तिचे मूळस्थान सापडले. तेथील वनस्पतींवर आढळलेला भुंगेराही आधी सिंग्युलॅरिसच समजला गेला. १९८५ मध्ये त्याचे नवी जात म्हणून वर्णन झाले.

कार्यपद्धती

सुमारे २ मिमी लांबीचा प्रौढ भुंगेरा कोवळे कोंब खातो, तर अळ्या खोड पोखरतात. त्यामुळे नवी वाढ खुंटते, वनस्पती तपकिरी पडते आणि कुजून तळाशी जाते. हा भुंगेरा साल्व्हिनियावरच जगत असल्याने पिकांना त्याचा उपद्रव होत नाही.

परिणाम

१९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातील मूनडारा तलावात भुंगेरे सोडल्यावर सुमारे वर्षभरात तेथील तण जवळजवळ नष्ट झाले. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीखोऱ्यात तणाने सुमारे २५० चौ. किमी जलक्षेत्र व्यापल्याने होडीवर अवलंबून असलेल्या गावांचा बाजार, शाळा व रुग्णालयाशी संपर्क तुटला होता. तेथील तणात नायट्रोजन कमी असल्याने भुंगेरे प्रथम तग धरेनात. तणाला युरिया दिल्यानंतर त्यांची संख्या वाढली आणि १९८५ पर्यंत व्याप्ती सुमारे २ चौ. किमीवर आली.

भारतातील वापर

केरळमध्ये हे तण ‘आफ्रिकन पायल’ या नावाने ओळखले जाते. कुट्टनाडमधील कालवे व भातखाचरे त्याने ग्रासली होती. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून बंगळूर येथे भुंगेरे आणण्यात आले. चाचण्यांनंतर ते केरळमध्ये सोडल्यावर काही वर्षांतच तणाचा उपद्रव मोठ्या प्रमाणात घटला आणि भातशेतीतील तण काढण्याचा खर्च कमी झाला.

मर्यादा

थंड हवामानात भुंगेऱ्याची वाढ मंदावते. तसेच तो तणाचे समूळ उच्चाटन करीत नाही; तण विरळ झाले की भुंगेऱ्यांची संख्याही घटते आणि दोहोंत कमी पातळीवर समतोल राहतो. पाण्यात मिसळणारी खते व सांडपाणी तणाच्या वाढीला पोषक ठरत असल्याने जलप्रदूषण रोखणेही आवश्यक असते.