परत गेलेलं विमान

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडच्या धावपट्टीवर एक मंत्री छोट्या विमानानं येणार होते. आषाढाचे दिवस, ढग पार खाली उतरलेले. हार, ढोल-ताशे, पोलीस, आम्ही पत्रकार, सगळे तयार. विमानाचा आवाज दोनदा डोक्यावरून गेला. विमान काही दिसलं नाही. मग आवाज लांब गेला तो गेलाच. "पायलटच्या पोटात गोळा आला वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी चौकट टाकली : 'वैमानिक कचरला, मंत्री माघारी.' चौकट गाजली.

आज तिची लाज वाटते. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळचं मिचेल फील्ड. जिमी डूलिटल नावाचा अमेरिकन लष्करी वैमानिक दोन जागांच्या विमानात मागे बसला आणि त्याच्या डोक्यावर कापडी झाकण ओढलं गेलं. बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढच्या जागेवर बेन केल्सी होता, पण फक्त गरज पडली तर म्हणून. हात बाहेरून दिसतील असे ठेवून तो बसला होता. डूलिटलनं विमान उडवलं, फेरी मारली आणि पंधराएक मिनिटांत परत आणून उतरवलं. सगळं काट्यांकडे बघून. क्षितिज दाखवणारं आणि दिशा दाखवणारं अशी स्पेरीची दोन यंत्रं, कोल्समनचा अचूक उंचीमापक आणि धावपट्टीकडे आणणारा रेडिओ संदेश, एवढाच आधार. हा माणूस नुसता धाडसी नव्हता, एमआयटीचा डॉक्टरेट होता. त्यानं जे सिद्ध केलं ते असं : ढगात स्वतःच्या अंगाला जे जाणवतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, काट्यावर ठेवायचा.

ऐकायला सोपं वाटतं. करायला किती अवघड, ते १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं तपासलं. ढगातल्या उड्डाणाचा अनुभव नसलेले २० शिकाऊ वैमानिक घेतले. विमान बीचक्राफ्ट बोनान्झा : छोटं, वेगवान, चाकं पोटात घेणारं. बाहेरचं दिसेनासं केल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! कारण आपल्या कानात आहे. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेलं तर काही सेकंदांनी कान सांगतो, सरळच चाललंय. मग विमान गोल फिरत खाली जातं, वैमानिक नाक वर ओढतो आणि फास आणखी आवळतो.

हा प्रयोग नेमका कशासाठी होता माहितीये? ढगात शिरलेल्या वैमानिकाला काट्यांच्या आधारानं वळून परत यायला शिकवण्यासाठी. थोड्या प्रशिक्षणानंतर तेच विद्यार्थी बहुतेक वेळा नीट परतले. म्हणजे माघारी वळणं हीच शिकवायची विद्या होती.

उतरण्यासाठीची यंत्रणा तोवर आलेली होती. जानेवारी १९३८ मध्ये वॉशिंग्टनहून आलेलं प्रवासी विमान बर्फाच्या वादळात पिट्सबर्गला तिच्या मदतीनं उतरलं. तीच आजची आयएलएस. जमिनीवरून दोन रेडिओ झोत निघतात. एक सांगतो डावीकडे आहेस की उजवीकडे, दुसरा सांगतो उतारापेक्षा वर आहेस की खाली. उतार साधारण तीन अंशांचा. दोन्ही काटे मध्यात धरून खाली यायचं. गंमत अशी की धावपट्टी जवळ येते तसे काटे जास्त चपळ होतात. लांब असताना चालणारी चूक जवळ आल्यावर चालत नाही.

मोठ्या विमानात हे करायला दोघे असतात. छोट्या वेगवान विमानात बऱ्याचदा एकटाच. चाकं, फ्लॅप, रेडिओ, नकाशा आणि ते दोन काटे, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यात असं विमान हवा कापत जातं. उताराला लागलं की वेग वाढतो, म्हणून तो आधीच कमी करून ठेवावा लागतो. आणि साधारण २०० फुटांवर निर्णय : धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतर, नाही तर पूर्ण ताकद दे आणि वर जा. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगानं येणाऱ्या विमानासाठी तिथून जमीन वीसेक सेकंदांवर असते. वर जातानाही कान दगा देतो. वेग एकदम वाढला की नाक फारच वर गेलंय असं वाटतं आणि हात ते खाली दाबायला बघतो.

आमच्या धावपट्टीवर त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. ना झोत, ना उतार दाखवणारा काटा. होता तो वारा दाखवणारा कापडी मोजा आणि खाली वाट बघणारे आम्ही.

३० सप्टेंबर २००१ आठवतो? माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवामानात त्यांचं छोटं विमान मैनपुरीजवळ वाटेतच कोसळलं. सोबत चार पत्रकार आणि कॅमेरामनही होते. आमच्याच धंद्यातली माणसं. सभेची वेळ, थांबलेली गर्दी, नेत्याचं घड्याळ हे कुठल्याच काट्यावर दिसत नाही, पण विमानात बसलेलं असतं. ते ओझं आपण खालून वाढवतो. माझ्या चौकटीनंही वाढवलंच असणार. पुढच्या वेळी तोच वैमानिक ढगात २०० फुटांवर असेल आणि त्याला ते छापलेलं 'कचरला' आठवलं तर?

म्हणून दोन गोष्टी. गावात विमानतळाचं भूमिपूजन झालं की टर्मिनलची काच किती मोठी हे विचारू नका. खराब हवेत विमान उतरवायला यंत्रणा कोणती बसवणार, ते विचारा. आणि एखादं विमान डोक्यावरून परत गेलं तर हसू नका. वरच्या माणसानं त्याचं काम चोख केलेलं असतं.

त्या वैमानिकाचं नाव मला कधीच कळलं नाही. ही पोस्ट त्याच्यासाठी. दिलगिरी, साहेब.