नव्या लाकडाचे म्हातारपण

दिवाळीत अंगणात किल्ला झाला म्हणजे मुले त्यावर गेरूचा हात फिरवितात, उतारावर हळीव पेरतात आणि मावळे उभे करतात. किल्ला कितीही सुबक असो, दिसतो मात्र कालच बांधल्यासारखा. तटाचा एखादा चिरा निसटलेला असावा, बुरुजावर पावसाचा काळा ओघळ उतरलेला असावा, असे कोणास सुचत नाही. प्रतिकृती म्हणजे कोरी करकरीत वस्तू, ही समजूत लहानांची तशी मोठ्यांचीही असते. छोट्या आगगाड्यांच्या जगात ती मोडून काढणाऱ्यांत जॉन अ‍ॅलन हा अमेरिकन छायाचित्रकार अग्रणी होता. त्याची ही हकीकत.

अमेरिकेत ह्या गाड्यांचा नाद पोराटोरांपुरता राहिलेला नव्हता. 1934 साली 'मॉडेल रेलरोडर' हे खास मासिक निघाले. साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट, हे ह्या नादिष्टांचे एक लाडके प्रमाण. त्या हिशेबाने प्रत्येक वस्तू मूळच्या सुमारे 87व्या हिश्शाची होते. 6 फुटी माणूस जेमतेम 2 सेंटिमीटरचा आणि 6 इंच रुंदीची फळी पावणेदोन मिलिमीटरची. अशा फळ्या एकेक चिकटवून स्टेशने, वखारी, पूल उभारावयाचे. परंतु एवढ्या कष्टाने केलेले काम मळवावयाचे कशाला? इंजिने लखलखीत आणि स्टेशने नुकतीच रंगविलेली, अशीच पुष्कळांची आवड होती.

अ‍ॅलनचा जन्म 1913 सालचा, मिसुरी राज्यातला. पुढे तो कॅलिफोर्नियात माँटेरे येथे स्थायिक झाला. छायाचित्रकाराचा डोळा त्याला स्वस्थ बसू देईना. खऱ्या इंजिनघराच्या दारावरची काजळी, फळ्यांचा उडालेला रंग, खिळ्याखालचा गंजाचा ओघळ हे सारे त्याने आपल्या चिमुकल्या इमारतींत आणिले. प्रथम काहींना ही नासधूस वाटली. पण त्याची छायाचित्रे पाहताना हे खेळणे की खरे रेल्वेस्थानक, असा संभ्रम पडू लागला आणि टीकाकारही हळूहळू ब्रश मळवू लागले.

ह्या कामात मन मानेल तसा मळ फासून भागत नाही. लाकूड म्हातारे का होते, हे आधी जाणावे लागते. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. उन्हातील अतिनील किरण ते मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे उरलेले तंतू रुपेरी करडे दिसतात. भेगांतून पाणी शिरले की फळी फुगते, उन्हात आकसते, आणि वरच्या रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून मारा असेल तेथेच फिकटपणा हवा. वळचणीखाली रंग शाबूत, जमिनीलगत चिखलाचे शिंतोडे आणि धुराड्याच्या वाटेवर काजळी.

कारागिरांची रीतही अशीच विचाराची. तारेच्या ब्रशाने फळीवर रेषा ओढावयाच्या. मद्यार्कात मिसळलेल्या पातळ काळ्या शाईचा हात द्यावयाचा. तोही चिकटविण्याआधी, कारण सरसाचा डाग पडला की तेथे शाई मुरत नाही. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर फिकट रंग टेकवावयाचा आणि शेवटी खडूची पूड बोटाने चोळावयाची.

अ‍ॅलनच्या रेल्वेचे नाव 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! तळघरात डोंगरदऱ्या उभ्या राहिल्या. जागा मोठी भासावी म्हणून मोक्याच्या जागी आरसे बसले. डबे ओढावयास एम्मा नावाची डायनोसॉरही होती, स्टेगोसॉरस जातीची. तिचा क्रमांक 13. इतके असूनही त्या जगावर विश्वास बसे, कारण तेथे काळ खरोखर वाहून गेल्याच्या खुणा होत्या.

6 जानेवारी 1973 रोजी अ‍ॅलन हृदयविकाराने वारला, वय 59. त्यानंतर थोड्याच दिवसांत घराला आग लागली आणि ती रेल्वे जळाली. ब्रशाच्या टोकाने जेथे जन्मभर लटकी काजळी चढविली, तेथे एका दिवसात खरी काजळी चढली. मागे राहिली ती छायाचित्रे. लिन वेस्टकॉट ह्यांचे त्याच्यावरील पुस्तक 1981 साली निघाले आणि ते पाहून नव्या हातांनी जुनी लाकडे रंगविणे चालूच ठेवले.

मळ आणि म्हातारपण ह्यांत फरक आहे. मळ कोठेही बसतो. म्हातारपण मात्र जेथे ऊन सोसले, पाऊस झेलला, तेथेच उमटते. यंदा अंगणातला किल्ला पुरा झाला म्हणजे कोळशाचे थोडे पाणी करून मुलांच्या हाती द्यावे आणि विचारावे, 'पाऊस कोणत्या बाजूने येत असेल रे?' मुले क्षणभर थांबतील, तटाकडे पाहतील. आणि त्या क्षणी मातीच्या ढिगाला तीनशे वर्षे होतील.