हिरव्या पाटीतला पळणारा माणूस

शिकागोचं इरोक्वॉय थिएटर 1903 च्या नोव्हेंबरात उघडलं, तेव्हा त्याची जाहिरातच मुळी ‘याला आग लागूच शकत नाही’ अशी होती. 30 डिसेंबरला दुपारच्या खेळात रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सुट्टीचे दिवस, त्यामुळे त्यांत बायकामुलंच जास्त. दारं कमी होती असंही नाही. पण त्यांतली बरीचशी शोभेच्या जाड पडद्यांमागे झाकलेली होती. पाटी एकावरही नव्हती, आणि काहींच्या कड्या अशा, की नवख्या माणसाला त्या दिवसाउजेडीही उघडल्या नसत्या. थिएटर सुंदर दिसावं म्हणून दार लपवायचं, ही खोड तेव्हापासूनची. ती अजून मोडलेली नाही.

1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात 146 कामगार मेले. तिथे जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. या दोन आगींनंतर अमेरिकेत दाराची रुंदी, जिन्यांची संख्या आणि दारावरची पाटी या गोष्टी कायद्याच्या कक्षेत आल्या. पाटीवर ‘एक्झिट’ हा शब्द ठळक अक्षरांत, बहुधा लाल रंगात. इंग्रजी वाचणाऱ्या देशाला एवढं पुरेसं वाटलं.

आपल्या 1948 च्या कारखाना अधिनियमात हाच लाल रंग उतरला, पण एका शेपटीसकट. कलम 38 म्हणत होतं, की रोजच्या ये-जा करण्याच्या वाटांखेरीज आगीच्या वेळी सुटकेसाठी जी दारं-खिडक्या असतील, त्यांवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत, पुरेशा मोठ्या लाल अक्षरांत खूण करावी. किंवा दुसरं एखादं परिणामकारक, सहज समजणारं चिन्ह लावावं. आता हे कलम घेऊन गिरणगावातल्या एखाद्या खात्यात जाऊन उभं राहा. कोकणातले, घाटावरचे, उत्तर प्रदेशातले भय्ये, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर. बहुसंख्यांची भाषा ठरवली, तरी वाचणार किती? 1951 च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम 18 टक्के निघाली. कलम लिहिणाऱ्याला ही अडचण दिसली असावी, नाहीतर ती ‘किंवा’ची शेपटी तिथे आलीच नसती. फक्त तसं चिन्ह तोवर सर्वमान्य झालेलं नव्हतं.

ते घडलं जपानात, आणि त्यासाठी आणखी माणसं मरावी लागली. 13 मे 1972 च्या रात्री ओसाकातल्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली. दुकानं बंद झाली होती, पण सातव्या मजल्यावरचा प्लेटाउन हा कॅबरे गिऱ्हाइकांनी भरलेला होता. आग तिथवर पोचली नाही, धूर पोचला. धुरापासून बऱ्यापैकी मोकळा राहिलेला एक जिना होता, पण त्याचं दार गिऱ्हाइकांचे कोट ठेवायच्या खोलीच्या मागे, पडद्याआड. शिकागोनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी पुन्हा पडदाच. त्या जिन्याने खाली उतरलेले मोजकेच. अग्निशमन दलाच्या शिड्यांनी काहींना वाचवलं. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. एकूण 118 मृत्यू, बहुतेक गुदमरून. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात कुमामोतोच्या तायो डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शंभरहून अधिक माणसं गेली.

सरकारचा पहिला उपाय सरकारीच होता: अक्षरं मोठी करा. जपानी पाट्यांवर ‘आपत्कालीन दार’ या अर्थाची तीन चित्राक्षरं असत. ती आणखी मोठी झाली. पण धुरात रेघांच्या गुंत्याचा डाग होतो, आणि लहान मूल किंवा परदेशी पाहुणा ती मोठी अक्षरंही वाचू शकत नाही. टोकियोच्या 1964 च्या ऑलिंपिकमध्ये जपानी चित्रकारांनी खेळांपासून स्वच्छतागृहांपर्यंत सगळ्याला चित्रखुणा दिल्या होत्या, त्यामुळे शब्दावाचून काम भागतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आपत्कालीन दाराच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा झाली. तीन हजारांवर चित्रं आली. निवडलेल्या चित्राला अंतिम रूप देण्याचं काम युकिओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेलं. हे ओता म्हणजे जगातल्या कुणालाही वाचता येईल अशी लोकोस नावाची चित्रभाषा स्वतः रचणारे गृहस्थ, तेव्हा काम योग्य हाती पडलं.

चित्र जवळून बघण्यासारखं आहे. माणसाला चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही. धड दाराच्या चौकटीत शिरलंय, मागचा पाय अजून बाहेर आहे. म्हणजे सुटका झालेली नाही, चालू आहे. आणि खरी करामत माणसात नाहीच, दारात आहे. दार पांढरं, कोरं. मागे दिवा लागला की सगळ्यात जास्त उजेड त्या कोऱ्या जागेतून येतो. पाटी धुरकटून माणूस दिसेनासा झाला, तरी उजेडाचा एक चौकोन उरतो.

मग रंग हिरवाच का? लाल म्हणजे ‘थांब’, हे सिग्नलने आपल्या हाडीमांसी भिनवलंय, आणि आगीत लाल रंगाला तोटा नसतो. शिवाय डोळ्यांचंही एक कारण आहे. तिन्हीसांजेला अंगणातली जास्वंद बघा: फूल काळवंडतं, पानं मात्र उजळ राहतात. बोहेमियाच्या पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपलं. उजेड कमी झाला की डोळा लालला बोथट आणि हिरव्या-निळ्याला तल्लख होतो.

जपानने 1982 मध्ये हे चिन्ह लागू केलं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेत मात्र सोव्हिएत युनियनचं चित्र आधीपासून शर्यतीत होतं, तेही दाराकडे धावणाऱ्या माणसाचंच. शीतयुद्धाच्या काळात हे भांडण सहज चिघळलं असतं. पण सोव्हिएतांनी आपलं चित्र मागे घेतलं आणि 1987 च्या मानकात जपानी माणूस आला. अमेरिकेतल्या बहुतेक इमारतींवर अजून ‘एक्झिट’च आहे. हट्ट म्हणायचा, दुसरं काय.

एका गोष्टीत मात्र हा माणूस कमी पडतो. धूर वर चढतो, आणि पाटी असते दारावर, म्हणजे नेमकी धुरात. म्हणून विमानांत 1980 च्या दशकापासून जमिनीलगत दिव्यांची रांग आली, आणि न्यूयॉर्कने 2004 च्या कायद्याने उंच कार्यालयीन इमारतींच्या जिन्यांत अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या केल्या. बाजारात आपण ज्याला रेडियमची पट्टी म्हणतो, तीच. त्यात रेडियम नसतं.

आपल्याकडे हिरवा माणूस मॉलमध्ये, दवाखान्यात, हॉटेलात सगळीकडे पोचलाय. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीपासून बचावाची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तरी 2017 च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल्समधल्या आगीत जे 14 जण मेले, त्यांतले बहुतेक स्वच्छतागृहात सापडले. बाहेरची वाट न सापडलेला माणूस जिथे दार दिसेल तिथे शिरतो.

पाटी विकत घेताना एक बघावं. मानकात हा माणूस दोन रूपांत आहे, एक डावीकडे धावणारा आणि एक उजवीकडे. दुकानदाराकडे बहुतेक वेळा एकच असतो, आणि बाण वेगळा चिकटवून मिळतो. मग माणूस पळतो डावीकडे, बाण दाखवतो उजवीकडे, आणि खाली वॉटर कूलर ठेवलेला असतो.