उज्जैनचा मराठी समाज : वतनापासून वेतनापर्यंत

देवास गेट म्हटले की आज बसस्थानकाची वर्दळ आणि समोरचे रेल्वे स्टेशन डोळ्यांपुढे येते. ज्या देवासचे नाव या वेशीला लाभले, तेथे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची राज्ये नांदत होती. उज्जैनमधील मराठी माणसाचा आर्थिक प्रवासही जुन्या शहराकडून या वेशीकडे झालेला आहे.

१७३८ साली दोराहासराईच्या तहाने निजामाने माळव्यावरील पेशव्यांचा हक्क मान्य केला. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. लष्करामागोमाग कारकून, फडणीस, वैद्य व पुरोहित आले. दप्तर मोडीत चाले. म्हणजेच मराठी ही केवळ घरातील बोली नव्हती, ती उपजीविकेची भाषा होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले, तरी इनाम, वतन आणि दरबारची नोकरी यांवर येथील अनेक मराठी घरे उभी राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि शहराचा कल बदलला. पुढे विनोद मिल, हिरा मिल यांसारख्या कापड गिरण्यांनी कामगारवस्ती वाढवली. मराठी मध्यमवर्ग मात्र प्रामुख्याने शाळा, कचेरी व न्यायालय यांकडे वळला. देवास गेटची माधव महाविद्यालयाची जुनी वास्तू या नव्या शिक्षितवर्गाची साक्ष देते.

खरा पालट स्वातंत्र्यानंतर झाला. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला. १९५१ च्या कायद्यांनी जमीनदारी व जहागिरी संपुष्टात आणली. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. जमिनीचा आधार सुटला आणि राजकारभाराची भाषा हिंदी झाली. वतनाच्या जागी वेतन आले. त्या वेतनाबरोबर बदल्या आल्या, एकत्र कुटुंबे विभागली, वाड्यांतील बिऱ्हाडे नव्या वसाहतींत गेली. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्याची तरतूद (अनुच्छेद ३५० क) केली. परंतु पालक शेवटी पोटाची भाषा निवडतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्याही थंडावल्या आणि तरुण पिढी इंदूर, पुणे, मुंबईकडे निघाली.

या संक्रमणाचे बोलके उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे होय. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. उज्जैनशी घराचा निकटचा संबंध. थोरले गजानन माधव (१९१७–१९६४) हिंदी कवितेचे युगप्रवर्तक ठरले. धाकटे शरच्चंद्र (१९२१–१९८४) मराठीत लिहिते झाले आणि १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरले. एकाच घरातील दोन लेखण्यांनी दोन भाषा समृद्ध केल्या.

या प्रवासाला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. वेतनाने या समाजाला जन्मजात हक्कांपेक्षा शिक्षणावर विसंबून राहण्यास शिकविले, आणि स्त्रियांनाही शाळा-कचेऱ्यांतून स्वतंत्र कमाईचे दार उघडले. परंतु ज्या भाषेने आता पोट भरत नाही, तिला दरबार वा बाजार राखीत नाही. तिला वाचकच राखतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयाचे प्रयोजन येथेच आहे. कपाटांतील ग्रंथ पूर्वजांनी जमविले; ते घरी नेऊन मुलानातवंडांना वाचून दाखविण्याचे काम आजच्या सभासदांचे आहे.